बोराबाजारात शिरण्याआधी : खिशाला परवडणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा निवडावा

हातात बरा फोन असताना वेगळा कॅमेरा घ्यायचा का, हा प्रश्न आधी निकालात काढू. याचं उत्तर दर वेळी 'हो' नसतं, आणि बोराबाजारात, म्हणजे फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात, दुकानात उभं राहिल्यावर ते शोधायला उसंतही मिळत नाही.

कॅमेऱ्याचा सगळा खेळ प्रकाशाचा आहे. प्रकाश पडतो तो सेन्सरवर, म्हणून सेन्सरच्या मापापासून सुरुवात करू. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आज साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा सेन्सर असतो. स्वस्त कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात वर्षानुवर्षं जो सेन्सर बसवला जातो त्याचं माप जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. म्हणजे पंधरा-वीस हजारांचा नवा कॅमेरा घेऊन तुम्ही संध्याकाळी चौपाटीवर गेलात, तर तुमच्या फोनचेच फोटो जास्त स्वच्छ येण्याची शक्यता मोठी. त्यात फोन एका फोटोसाठी पाठोपाठ पाच-सात फ्रेम घेतो आणि त्या जोडून अंधारातले दाणे, म्हणजे फोटोवर दिसणारे बारीक ठिपके, पुसतो. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे एवढी कारागिरी करत नाहीत.

मग कॅमेरा घ्यायचा कशासाठी? फोनला जे मुळातच जमत नाही त्यासाठी. लांबचं खरोखर जवळ आणणारा झूम. अंधाऱ्या खोलीत माणसाचा चेहरा क्षणभर गोठवणारा खरा झेनॉन फ्लॅश. मोठा सेन्सर आणि त्याच्यापुढे उजेड भरपूर घेणारी लेन्स. शिवाय एक साधी सोय, जिची किंमत लग्नाच्या दिवशी कळते : फोटो काढताना फोन वाजत नाही, फोनची बॅटरी संपत नाही आणि 'जागा शिल्लक नाही' असा संदेश ऐन मंगलाष्टकांत येत नाही. यातली एकही गोष्ट तुमच्या गरजेची नसेल, तर पैसे वाचवा आणि फोनसाठी एक चांगला माइक आणि स्टँड घ्या. हा सल्ला मी पूर्ण गांभीर्याने देतो आहे.

पहिली पायरी : काय टिपायचंय ते लिहून काढा

'सगळंच' हे उत्तर चालणार नाही. पुढच्या वर्षभरात ज्या प्रसंगांत कॅमेरा बाहेर निघेल, त्यातले दोन किंवा तीन लिहा. त्यावर पुढची अर्धी निवड आपोआप होते.

समजा मुलीचं शाळेचं स्नेहसंमेलन आहे, शिवाजी मंदिर किंवा दीनानाथ नाट्यगृहात. प्रेक्षागृहात अंधार, रंगमंचावर रंगीत दिवे, आणि पोरं नाचतायत म्हणजे हलतायत. इथे झूम तर हवाच, पण झूम केल्यावरही लेन्सने भरपूर उजेड घेतला पाहिजे. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी ही सगळ्यात अवघड परीक्षा. ४० पट झूमचा कॅमेरा इथे कच खातो. मोठ्या सेन्सरचा, कमी झूमचा कॅमेरा आणि पुढच्या चार-पाच रांगांतली खुर्ची, हाच खरा उपाय.

समजा तुम्हाला पक्षी बघायची हौस आहे आणि हिवाळ्यात शिवडीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो टिपायला जायचंय. तिथे सकाळचं ऊन मुबलक असतं, पक्षी मात्र दूर चिखलात. भरतीच्या आधी आणि नंतर ते काठाकडे सरकतात, तरी फोनच्या आवाक्यात येत नाहीत. इथे तोच ४० पट झूमचा लहान सेन्सरवाला कॅमेरा उत्तम काम करतो, कारण उजेडाची वानवा नाही.

घरच्या ओट्याशी उभं राहून पाककृतींचे व्हिडिओ करायचे असतील, तर झूम बाजूला ठेवा. तुमच्याकडे वळणारा स्क्रीन, माइकचं सॉकेट आणि चेहऱ्यावरून न सुटणारा फोकस एवढं बघा. पावसाळ्यात राजमाची, लोहगड करणाऱ्यांनी पाणी न शिरणारा कॅमेरा बघावा. ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ किंवा त्याआधीचा ऑलिंपस टीजी-६ हे १५ मीटर खोल पाण्यात चालतात. त्यांचा सेन्सर लहानच आहे, पण भर पावसात दुसरा कॅमेरा पिशवीबाहेर काढायचीच सोय नसते.

दुसरी पायरी : मेगापिक्सेल सोडा, सेन्सर विचारा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत मेगापिक्सेल छापलेले असतात, कारण तो आकडा वाढवणं सोपं असतं. सेन्सरचं माप बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. तुम्ही तेच विचारायचं.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत तुम्हाला मुख्यतः दोन मापं भेटतील. एक '१/२.३ इंच', म्हणजे वर सांगितलेला ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. दुसरा '१ इंच', तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. हे 'इंच' जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेत, त्यामुळे पट्टी लावून मोजायला जाऊ नका. क्षेत्रफळ काढा : पहिला सुमारे २८ चौरस मिलिमीटर, दुसरा ११६. चौपटीचा फरक. अंधाऱ्या हॉलमध्ये हा चौपट प्रकाश म्हणजे, लहान सेन्सरवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढेच मोठ्यावर साधारण १२,८०० ला.

त्याहून मोठे सेन्सर असलेले कॉम्पॅक्टही आहेत. रिको जीआर थ्री हा २०१९ चा कॅमेरा पँटच्या खिशात मावतो आणि त्यात एपीएस-सी म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा सेन्सर आहे. पण त्याला झूम नाही, व्हिडिओत तो कच्चा आहे आणि किंमत या लेखाच्या बजेटबाहेरची. रस्त्यावरची छायाचित्रं हाच ध्यास असेल, तरच जुना मिळतो का ते बघा.

माझं मत सरळ आहे. उजेडातला झूम ही तुमची गरज नसेल, तर १ इंचाच्या खालच्या सेन्सरवर नवे पैसे घालू नका. बजेट कमी पडत असेल, तर १ इंचाचा वापरलेला कॅमेरा घ्या. तो कसा तपासायचा ते पुढे सांगतो.

तिसरी पायरी : लेन्सवर लिहिलेले आकडे वाचा

लेन्सच्या कडेला बारीक आकडे असतात. त्यातला 'एफ' पुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उजेड घेते. झूम लेन्सवर असे दोन आकडे असतात : पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. दुकानात पहिलाच आकडा सांगितला जातो. तुम्ही दुसरा बघा.

कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस घ्या. तो ४० पट झूम देतो, २४ ते ९६० मिलिमीटर, पण एफ ३.३ पासून सुरू होऊन टोकाला एफ ६.९ वर जातो. कॅननच्याच जी ७ एक्सच्या मार्क टू आणि मार्क थ्रीची लेन्स २४ ते १०० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८. एफ २.८ ची लेन्स एफ ६.९ च्या लेन्सपेक्षा सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर सहापट उजेड टाकते. त्यात सेन्सर चौपट मोठा. स्नेहसंमेलनात ४० पट झूमवाला का कच खातो, ते या दोन आकड्यांत आलं.

मिलिमीटरचे हे आकडे सोयीसाठी असे लक्षात ठेवा. २४ म्हणजे घरातल्या छोट्या खोलीत सगळं कुटुंब मावेल इतकं रुंद. ५० म्हणजे डोळ्यांना दिसतं साधारण तसं. ८० ते १०० म्हणजे चेहरा भरून येणारा फोटो. २०० च्या पुढे स्टेज, मैदान आणि पक्षी. मुंबईतल्या खोल्यांची मापं बघता, सुरुवात २८ च्या पुढे होणारा कॅमेरा घरगुती फोटोंसाठी अडचणीचा ठरतो. मागे सरकायला जातो तर पाठ भिंतीला टेकते.

'डिजिटल झूम' हा शब्द दिसला की तो आकडा पूर्ण दुर्लक्षित करा. त्यात फोटो फक्त कापून मोठा केलेला असतो.

व्हिडिओसाठी वेगळी कसोटी

फोटो चांगला काढणारा कॅमेरा व्हिडिओही चांगला काढेलच असं नाही. व्हिडिओत लोक खराब चित्र सहन करतात, खराब आवाज करत नाहीत. मुंबईत तर मागे सतत काहीतरी वाजत असतं. म्हणून पहिला प्रश्न, माइकचं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे का? जी ७ एक्स मार्क टू मध्ये ते नाही, आणि त्यात ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा व्हिडिओही नाही. मार्क थ्री मध्ये दोन्ही आहेत. एसएक्स ७४० मध्ये ४के आहे, पण माइकचं सॉकेट नाही. सोनीच्या झेडव्ही-१ आणि झेडव्ही-१एफ, दोन्हींत सॉकेट आहे, आणि खोक्यातच वाऱ्याचा आवाज अडवणारी केसाळ टोपी मिळते. वरळी सी फेसवर उभं राहून बोलायचं असेल तर ती लावाच.

दुसरी गोष्ट फोकस. सोनीचे झेडव्ही-१ आणि आरएक्स १०० मालिकेतले शेवटचे कॅमेरे चेहरा पकडून ठेवण्यात सरस आहेत. जी ७ एक्स मार्क थ्री चे रंग सुंदर येतात, त्वचा छान दिसते, पण त्याचा फोकस वेगळ्या पद्धतीने चालतो आणि व्हिडिओत मधूनच पुढे-मागे शोधत राहतो. सोशल मीडियावरच्या लाटेमुळे या कॅमेऱ्याचा भाव त्याच्या गुणांपेक्षा वर गेला आहे, असं मला स्पष्ट वाटतं. रांगेत उभं राहून जास्त पैसे देऊ नका.

तिसरी, थरथर. चालता चालता बोलायचं असेल तर लेन्समध्ये ऑप्टिकल स्थिरता आहे का ते विचारा. झेडव्ही-१ मध्ये ती आहे. झेडव्ही-१एफ आणि झेडव्ही-१ मार्क टू मध्ये फक्त इलेक्ट्रॉनिक आहे, जी चित्राच्या कडा कापून स्थिर करते. हात लांब करून स्वतःला टिपताना चौकटीत नुसता चेहराच उरतो तो यामुळे. झेडव्ही-१एफ ची लेन्स मुळात २० मिलिमीटरची रुंद आहे, त्यामुळे कडा कापूनही निभावतं. पण त्याला ऑप्टिकल झूम अजिबात नाही, हे पैसे देण्याआधी पक्कं ध्यानात घ्या.

चौथी, किती वेळ सलग रेकॉर्ड होतं? जी ७ एक्स मार्क थ्री ४के मध्ये दहा मिनिटांच्या आत थांबतो. झेडव्ही-१ मध्ये तापमानाची सेटिंग मूळ जागीच ठेवली तर ४के रेकॉर्डिंग पाच मिनिटांच्या आसपास बंद पडतं. मेनूत जाऊन 'ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर' हे 'हाय' वर करावं लागतं. मे महिन्यात उन्हात उभे असाल, तर हाय करूनही कॅमेरा तापून बंद होऊ शकतो. संपूर्ण कीर्तन किंवा तासाभराचं भाषण टिपायचं असेल, तर कॉम्पॅक्ट कॅमेरा हे साधनच चुकीचं आहे.

आता एक बारकावा, जो परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. उपाय सोपा : मेनूत 'पाल' (PAL, आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) निवडा, सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर रेकॉर्ड करा आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. बाहेरून आणलेले कॅमेरे बहुधा एनटीएससीवर, म्हणजे ३० किंवा ६० फ्रेमवर लावलेले असतात. ते बदलता येतं का हे दुकानातच करून बघा. गणपतीच्या मांडवातली रोषणाई मात्र तरीही लपलपू शकते, कारण त्या माळांची लुकलुक विजेच्या हिशोबाने चालत नाही. तिथे शटर थोडं मागेपुढे करून पट्टे कुठे कमी दिसतात ते बघायचं.

यांच्यापासून लांब राहा

ऑनलाइन दुकानांत चार ते आठ हजारांत '४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम' असे अनोळखी नावांचे कॅमेरे मिळतात. दिसायला गोंडस, सोबत कार्ड आणि दोन बॅटऱ्याही. त्यातला सेन्सर बहुधा जुन्या स्वस्त फोनच्या तोडीचा असतो, मेगापिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, झूम डिजिटल असतो आणि बऱ्याच वेळा फोकस एकाच जागी कायमचा ठरलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे : माहितीत 'ऑप्टिकल झूम' आणि लेन्सचे मिलिमीटर दोन्ही दिलेले नसतील, तर पान बंद करा. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने हे घेऊन नंतर आई-बाबा हिरमुसलेले मी पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतो.

जुने सीसीडी सेन्सरवाले, २००५ ते २०१० मधले छोटे कॅमेरे सध्या कॉलेजच्या मुलांत फार चालतात. फ्लॅशमधला तो जुना रंग आवडत असेल तर जरूर घ्या, आधी मात्र घरातलं कपाट उघडून बघा. बाबांचा किंवा मावशीचा जुना कॅमेरा तिथेच असण्याची शक्यता आहे. विकत घेणार असाल तर कार्ड कोणतं लागतं ते विचारा. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्या जुन्यांत मेमरी स्टिक. दोन्ही आता सहज मिळत नाहीत. काही जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड वाचताच येत नाही.

बजेटप्रमाणे काय बघावं

भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिशा मात्र सांगता येते.

अगदी खालच्या टोकाला नवा कॅमेरा हवाच असेल, तर कोडॅक पिक्सप्रो एफझेड ५५ हा प्रामाणिक साधा कॅमेरा आहे : १६ मेगापिक्सेल, २८ ते १४० मिलिमीटरचा खरा झूम, फुल एचडी व्हिडिओ. त्याचा भाऊ एफझेड ४५ पेन्सिल सेलवर चालतो, जे कोणत्याही टपरीवर मिळतात. आजी-आजोबांसाठी किंवा शाळकरी मुलासाठी ही मोठी सोय. दोघांचाही सेन्सर लहान. दिवसा वापरायचे, रात्री फ्लॅश लावायचा.

झूमची हौस असेल तर एसएक्स ७४०. त्यात टचस्क्रीन नाही, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळत नाही, तरी प्रवासाला आणि पक्ष्यांना तो पुरतो.

नुसते बोलण्याचे व्हिडिओ असतील तर झेडव्ही-१एफ. आपल्याकडे आला तेव्हा तो पन्नास हजारांच्या आसपास होता. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही तेवढ्याच महत्त्वाचे असतील, तर माझी पसंती वापरलेल्या झेडव्ही-१ ला. २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८, चांगला फोकस, माइकचं सॉकेट, आणि भर उन्हात जास्तीचा उजेड अडवणारा आतला एनडी फिल्टर. फक्त फोटो हवे असतील, तर सोनीचा आरएक्स १०० मार्क थ्री शोधा. २०१४ चा आहे, ४के नाही, पण लेन्स त्याच दर्जाची आणि वर उचलून डोळ्याला लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर, जो दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा फार उपयोगी पडतो.

मुंबईत कुठे आणि कसं घ्यायचं

सीएसएमटीला उतरून फोर्टच्या बाजूला आलात की बोराबाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकानं लागून आहेत. नवे, जुने, भाड्याचे, दुरुस्तीचे, सगळं एका फेरीत बघता येतं. हाजी अलीच्या हिरापन्नात आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये बाहेरून आलेला माल असतो. चोरबाजारात जुने फिल्म कॅमेरे बघायला मजा येते, पण पहिला डिजिटल कॅमेरा तिथून घेऊ नये.

दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, बिल के साथ चाहिए या बिना बिल?" पक्कं बिलच घ्या. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ५०,००० रुपयांच्या पक्क्या बिलात सुमारे ७,६०० रुपये कराचे असतात. बिनबिलाचा माल दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो तेव्हा वॉरंटीही हातची जाते, कारण सर्व्हिस सेंटर बिल मागतं. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर हवा. तो नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी आणि खोक्यावर असतो. तिन्ही जुळवा.

बाहेरून आलेल्या मालात आणखी एक खाच आहे. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि बदलता येत नाही. भाव आकर्षक वाटला तर कॅमेरा चालू करून भाषांची यादी आधी बघा.

दुकानात हातात आल्यावर

स्वतःचं रिकामं एसडी कार्ड घेऊन जा. घाई करू नका. गर्दी नको असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा.

कॅमेरा चालू-बंद करा आणि लेन्स बाहेर येताना कान द्या. करकर किंवा अडखळणं नको. पूर्ण झूम करून परत या. मग दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीच्या पाटीचा एक फोटो झूम न करता आणि एक पूर्ण झूम करून घ्या, आणि स्क्रीनवर मोठा करून अक्षरं चारही कोपऱ्यांत सारखी स्पष्ट आहेत का ते बघा. त्यानंतर आत, दुकानाच्या दिव्याखाली मिनिटभराचा व्हिडिओ. कुणाला तरी तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि फोकस चेहऱ्यावर टिकतो का ते पाहा. तुम्ही स्वतः चार पावलं चाला. हा व्हिडिओ कार्डावरून घरी मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच ठरवा. त्याच दिवशी घेतलाच पाहिजे असं बंधन कुणी घालत असेल, तर शेजारी दुसरं दुकान आहे.

बटणं तुमच्या बोटांना सापडतात का, हेही बघून घ्या.

वापरलेला घेत असाल तर

वरचं सगळं करायचंच, शिवाय काही जास्तीच्या गोष्टी. मुंबईच्या जुन्या कॅमेऱ्यांत सगळ्यात मोठी भीती बुरशीची. फोनचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून आत बघा. धुळीचे एक-दोन कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा धुरकट डाग दिसले तर कॅमेरा परत ठेवा. भाव कितीही उतरवला तरी. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करणं खर्चिक असतं आणि बुरशी परत येते.

सेन्सरवरच्या धुळीसाठी एफ ११ किंवा मिळेल तो सगळ्यात मोठा आकडा लावून, पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दर फोटोत त्याच जागी दिसले तर धूळ आत गेली आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती घरी झटकता येत नाही. मग लेन्सवर हात ठेवून काही सेकंदांचा फोटो घ्या. लाल-निळे लुकलुकते बिंदू बरेच असतील तर सेन्सर थकला आहे. वळणारा स्क्रीन सगळ्या कोनांत फिरवा. एखाद्या कोनात चित्र जात असेल तर आतली पट्टी तुटत आली आहे.

बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे. तारीख-वेळ लावून बॅटरी मिनिटभर बाहेर ठेवा आणि पुन्हा घाला. दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला छोटा सेल गेला आहे, भाव कमी करायला हे कारण पुरतं. जुनं बिल आणि त्याच नंबरचं खोकं विक्रेत्याकडे आहे का ते विचारा. ओएलएक्सवर भेटलेला माणूस बिल नाही, खोकं नाही आणि भेटायची जागा सारखी बदलतोय, असं असेल तर जाऊ नका.

सोबतच्या वस्तू, ज्यांचे पैसे आधीच बाजूला ठेवायचे

कार्ड. सेकंदाला १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी जागा घेतो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं. कार्डावर व्ही३० किंवा यू३ ही वेगाची खूण हवी. बाजारात नकली कार्डं बरीच फिरतात. ६४ लिहिलेलं असतं आणि आत ८ च जीबी असतात. घरी आल्यावर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर चालवून पूर्ण कार्ड तपासा, मगच लग्नाला न्या.

जास्तीची बॅटरी घ्यावीच लागते. झेडव्ही-१ एका बॅटरीत सुमारे २६० फोटो किंवा पाऊण तास व्हिडिओ देतो. गर्दीसाठी मनगटाचा पट्टा. लोकलच्या दारात तो नसेल तर कॅमेरा बाहेर काढू नका. माइक तुमच्या कामाप्रमाणे.

मुंबईची हवा आणि पहिले काही दिवस

जुलैत आपल्याकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कॅमेरा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवला की बुरशीला आमंत्रण मिळतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढ्यात काम होतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील असं बघा. दाण्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. त्या कढईत नंतर स्वयंपाक मात्र नको. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.

एसी लोकलमधून किंवा मेट्रोतून दमट फलाटावर उतरताच कॅमेरा काढला तर काचेवर बाष्प धरतं. वीसेक मिनिटं पिशवी बंदच राहू द्या. मरीन ड्राइव्हवर लाटा उसळतात तेव्हा उडणारं पाणी खारं असतं. घरी आल्यावर किंचित ओल्या आणि मग कोरड्या मऊ कापडाने बॉडी पुसा, आणि पुसून होईपर्यंत लेन्स आत घेऊ नका, नाहीतर मीठ आणि वाळूचे कण यंत्रात ओढले जातात.

नवा असो वा जुना, कॅमेरा बदलून देण्याची दुकानाची मुदत किती दिवसांची आहे, ते बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत तुम्ही ज्या प्रसंगासाठी कॅमेरा घेतलाय तसाच एखादा प्रसंग गाठा : संध्याकाळची घरातली आरती, सोसायटीतला कार्यक्रम, शिवाजी पार्कवरचा सामना. शंभर-दोनशे फोटो काढा, एक लांब व्हिडिओ करा, बॅटरी पूर्ण संपवा. काही बिघाड दिसला तर तो फोनवर चित्रित करून ठेवा आणि बिल, खोकं, चार्जर सगळं घेऊन दुकान गाठा. फोर्टातली बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे मुदत रविवारी संपत असेल तर शनिवारी दुपारपर्यंत पोहोचा.